पाणी धरायचं की झटकायचं? केसाहून हजारपट पातळ लेप यंत्रं थंड कशी ठेवतात

तापलेल्या तव्यावर नाचणारे थेंब आणि अळवावरचं पाणी, या दोन गोष्टी समजल्या की वीजकेंद्रापासून डेटा सेंटरपर्यंत गाजत असलेलं 'नॅनो कोटिंग' समजायला सोपं जातं.

घावन किंवा डोसा घालण्याआधी तवा तापलाय का, हे बघायला त्यावर पाण्याचा हबका मारतात. तवा बेताचा तापला असेल तर चुर्र आवाज होतो आणि पाणी क्षणात उडून जातं. पण तवा मोठ्या आचेवर फार वेळ राहिला असेल तर भलतंच काहीतरी होतं. थेंब मोत्यांसारखे गोल होतात आणि तव्यावर इकडून तिकडे घरंगळत राहतात. तवा जास्त गरम, तरी पाणी जास्त वेळ टिकतं.

जर्मनीतल्या ड्युइसबर्ग शहरातले डॉक्टर योहान गॉटलोब लायडेनफ्रॉस्ट यांनी १७५६ मध्ये या गोष्टीवर सविस्तर लिहिलं. लालबुंद तापवलेल्या लोखंडी पळीत त्यांनी पाण्याचा एक थेंब टाकला आणि तो किती वेळ टिकतो ते मोजलं. थेंब अर्धा मिनिट सहज टिकला. त्यांच्या नावावरून आज याला 'लायडेनफ्रॉस्ट परिणाम' म्हणतात.

कारण साधं आहे. धातू खूप तापलेला असला की थेंबाचा तळ टेकायच्या आतच त्याची वाफ होते आणि थेंब त्या वाफेच्या गादीवर तरंगायला लागतो. ही गादी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास जाड असते. पण वाफेतून उष्णता पाण्याच्या तुलनेत वीस-पंचवीस पटींनी कमी वाहते. म्हणजे थेंब आणि तवा यांच्यामध्ये एक पातळ रजईच पसरली जाते.

तव्यावर ही गंमत वाटते. हेच अणुभट्टीतल्या इंधनाच्या नळीवर किंवा तापलेल्या चिपवर घडलं, तर थंड करायला ठेवलेलं पाणी शेजारी असूनही उपयोगाचं राहत नाही.

उकळत्या पाण्याला एवढं महत्त्व का?

एक लिटर पाणी शून्य अंशापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या पाचपटीहून जास्त ऊर्जा शंभर अंशांवरच्या त्याच पाण्याची वाफ करायला लागते. म्हणून थोड्या जागेतून भरपूर उष्णता काढायची असेल तर पाणी नुसतं वाहतं ठेवण्यापेक्षा ते उकळू देणं फायद्याचं ठरतं. प्रत्येक बुडबुडा जाताना आपल्यासोबत उष्णतेची मोठी खेप घेऊन जातो.

पण बुडबुड्यांनाही गर्दीचा नियम लागू होतो. जपानी शास्त्रज्ञ शिरो नुकियामा यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या विषयातला मैलाचा दगड मानला जातो. त्यांनी पाण्यात बुडवलेल्या बारीक तारेतून वीज सोडली आणि ती हळूहळू वाढवत नेली. बराच वेळ सगळं सुरळीत चाललं. वीज वाढली की बुडबुडे वाढायचे आणि जास्तीची उष्णता पाण्यात जायची. मग एका टप्प्यावर तारेचं तापमान एकदम शेकडो अंशांनी उसळलं. निक्रोमची तार तर वितळूनच गेली. प्लॅटिनमची तार जास्त तापमान सोसते, तिच्यावर पुढचं चित्र दिसलं. बुडबुडे एकमेकांत मिसळून तारेभोवती वाफेचं अखंड वेष्टण तयार झालं होतं. तव्यावरच्या थेंबाखाली असते तीच गादी.

या टप्प्याला अभियंते 'क्रिटिकल हीट फ्लक्स' म्हणतात. सपाट, गुळगुळीत धातूवर साध्या हवेच्या दाबाला पाणी उकळत असेल तर ही मर्यादा दर चौरस सेंटीमीटरला साधारण १०० वॅट असते. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून १०० वॅट, त्यापुढे धोका.

अणुभट्ट्या चालवताना या मर्यादेपासून मुद्दाम बरंच अंतर राखलं जातं. पालघर जिल्ह्यात तारापूरला १९६९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या 'बॉयलिंग वॉटर' प्रकारच्या आहेत. या प्रकारात इंधनाच्या नळ्यांना लागूनच पाणी उकळतं. त्या नळ्या कोरड्या पडू न देणं हा सुरक्षिततेचा पहिला हिशोब असतो.

मर्यादा वर सरकवता आली तर दोन फायदे होतात. तेवढ्याच आकाराच्या यंत्रातून जास्त उष्णता काढता येते, किंवा तेवढीच उष्णता जास्त सुरक्षितपणे काढता येते. नॅनो लेपांची गोष्ट इथून सुरू होते.

लेप नेमकं काय करतो?

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाचा केस साधारण ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. एवढा पातळ थर उष्णता स्वतः वाहून नेत नाही आणि अडवतही नाही म्हटलं तरी चालेल. तो एकच काम करतो. पाण्याने त्या पृष्ठभागाशी कसं वागायचं, हे ठरवतो.

पाण्याचा थेंब एखाद्या पृष्ठभागावर ठेवला की तो एकतर पसरतो किंवा गोळा होऊन बसतो. थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते त्याला स्पर्शकोन म्हणतात. कोन ९० अंशांपेक्षा कमी असेल तर पृष्ठभाग पाणी धरणारा. जास्त असेल तर झटकणारा. १५० अंशांच्या वर गेला तर थेंब जवळजवळ चेंडूसारखा गोल होतो आणि जरा कललं की गडगडत जातो.

उकळताना आपल्याला पाणी धरणारा पृष्ठभाग हवा असतो. बुडबुडा सुटला रे सुटला की त्याच्या जागी लगेच पाणी घुसलं पाहिजे. म्हणून संशोधक धातूवर नॅनो आकाराच्या तारांचं, सुयांचं किंवा कणांचं दाट गवत उगवतात. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तसं या गवताच्या फटींमधून पाणी आपोआप ओढलं जातं आणि कोरडी पडू पाहणारी जागा पुन्हा ओली होते.

अमेरिकेतल्या बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात अरुण मजुमदार यांच्या गटाने २००९ मध्ये हे करून दाखवलं. मजुमदार हे मुंबई आयआयटीचे १९८५ सालचे पदवीधर. त्यांच्या गटाने सिलिकॉन आणि तांब्याच्या नॅनोतारांचं आवरण असलेल्या पृष्ठभागावर पाणी उकळलं, तेव्हा धोक्याची मर्यादा साध्या पृष्ठभागाच्या दुपटीहून वर गेली. पुढे २०१३ मध्ये एमआयटीत एव्हलिन वाँग यांच्या गटाने बारीक खांबांवर कॉपर ऑक्साइडचे नॅनोकाटे उगवले आणि दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २५० वॅटपर्यंत मजल मारली. (अमेरिकी सरकारच्या ऊर्जा संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या 'आर्पा-ई' या संस्थेचं संचालकपद पुढेमागे या दोघांकडेही आलं. उकळत्या पाण्याचा अभ्यास वाटतो तितका किरकोळ नाही.)

श्रेय द्रवाला, काम थराचं

या क्षेत्रातला एक मजेशीर अध्याय नॅनोलेपांचा शोध घेताना घडलाच नव्हता. २००० नंतर 'नॅनोफ्लुइड'ची बरीच चर्चा होती. पाण्यात नॅनोकण मिसळले की पाणी जास्त चांगलं थंड करेल, अशी ती कल्पना. २००३ मध्ये टेक्सासमधल्या संशोधकांनी कमी दाबाखाली उकळणाऱ्या पाण्यात ॲल्युमिनाचे कण अत्यल्प प्रमाणात टाकले आणि धोक्याची मर्यादा जवळपास तिप्पट झाली. चिमूटभर पूड टाकून तिप्पट फायदा! साहजिकच सगळ्यांचं लक्ष त्या द्रवाकडे गेलं.

खरं कारण हीटरवर बसलेलं होतं. एमआयटीत २००७ मध्ये उकळून झालेल्या हीटरचा पृष्ठभाग तपासला गेला, तेव्हा त्यावर नॅनोकणांचा सच्छिद्र थर साचलेला दिसला. पाणी उकळताना कण तळाशी बसत गेले होते आणि त्या थरामुळे धातू पाणी धरायला लागला होता.

घरी गिझरच्या कॉइलवरही पाण्यातले क्षार असेच बसतात. पण तो थर वाढत वाढत जाड होतो आणि त्यातून उष्णता तांब्याच्या तुलनेत शंभराहून जास्त पटींनी कमी वाहते. म्हणून बोअरच्या पाण्यावर चालणारा गिझर दोनतीन वर्षांत हळू तापायला लागतो. थर पाणी ओढून घेतो की उष्णता अडवून धरतो, हे त्याच्या जाडीवर आणि त्यातल्या छिद्रांवर ठरतं.

मग हजार अंशांवर तापलेल्या पोलादाचं काय? तिथे नॅनो गवतही हरतं, कारण पाणी टेकायच्या आधीच वाफ होते. हाँगकाँगच्या सिटी युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये 'नेचर' नियतकालिकात यावर एक उलट्या डोक्याची युक्ती मांडली. त्यांनी पोलादावर बारीक खांब उभे केले, खांबांच्या मधे सिलिकाच्या अतिसूक्ष्म तंतूंचं कापड बसवलं आणि त्याखाली वाफ बाहेर जायला वाटा ठेवल्या. सिलिकाचं कापड उष्णता अडवतं. थंड करण्यासाठी उष्णतारोधक वापरायचा, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण कापड स्वतः फार तापत नाही म्हणून पाणी त्यावर टिकतं, खांब आतली उष्णता वर आणून त्या पाण्याला देतात आणि वाफ खालून निसटते. या रचनेने लायडेनफ्रॉस्ट परिणाम हजार अंशांच्या वरही रोखून धरला.

वाफेचं पाणी करताना मात्र नियम उलटा

औष्णिक वीजकेंद्रात कोळशाच्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भागच विजेत उतरतो. उरलेल्यातला मोठा वाटा कंडेन्सरमधून बाहेर टाकावा लागतो. टर्बाइन फिरवून आलेली वाफ हजारो नळ्यांवरून जाते, नळ्यांच्या आतून थंड पाणी वाहत असतं, आणि वाफेचं पुन्हा पाणी होतं. हे जितकं झटपट होईल तितका कंडेन्सरमधला दाब कमी राहतो आणि टर्बाइनला जास्त जोर मिळतो. चंद्रपूरसारख्या ठिकाणी पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा थंड करायचं पाणीच कोमट झालेलं असतं. नेमकी विजेची मागणी वाढलेली असताना कंडेन्सरची कसोटी लागते.

साध्या धातूच्या नळीवर वाफेचं पाणी होतं तेव्हा ते चादरीसारखं पसरतं. मग नंतर येणाऱ्या वाफेला थंड नळीपर्यंत पोहोचायला ही पाण्याची चादर आडवी येते. पाणी चादर न होता थेंब होऊन गळून पडलं तर नळी पुन्हा उघडी होते. जर्मन संशोधक अर्न्स्ट श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० मध्येच दाखवून दिलं होतं की वाफ थेंबाथेंबाने थंडावली तर उष्णता चादरीच्या तुलनेत कित्येक पट वेगाने जाते. आज हा आकडा पाच ते दहा पट धरला जातो.

म्हणजे इथे पाणी झटकणारा पृष्ठभाग हवा. अळूच्या पानासारखा. अळवावरचं पाणी टिकत नाही हे मराठी माणसाला सांगायला नको. ते का टिकत नाही, हे मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर कळलं. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये कमळ, अळू अशा पानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या पानांवर सूक्ष्म उंचवटे असतात आणि त्या उंचवट्यांवर मेणाचे नॅनो आकाराचे कण. थेंबाला टेकायला फक्त टोकं मिळतात, खाली हवा अडकलेली असते. म्हणून तो घरंगळतो आणि जाताना धूळही घेऊन जातो.

अळूची नक्कल करून नळीवर लेप लावला की काम झालं, असं वाटेल. पण अळू आणि कमळ पावसाच्या थेंबांसाठी बनलेत, वाफेसाठी नाही. २००५ मध्ये कमळाच्या पानावर वाफ थंडावू देण्याचा प्रयोग झाला, तेव्हा पाणी पानाला चक्क चिकटून बसलं. पावसाचा थेंब वरून येतो, टोकांवर टेकतो. वाफेचा थेंब मात्र टोकांच्या मधल्या फटीतच जन्माला येतो. तिथली हवा ढकलून तो फट भरून टाकतो आणि मग त्याला बाहेर काढणं अवघड होऊन बसतं.

फटी नॅनो आकाराच्या केल्या तर हा त्रास बराच कमी होतो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये अशा पृष्ठभागावर एक देखणी गोष्ट टिपली. दोन सूक्ष्म थेंब एकमेकांत मिसळले की त्यांचं एकूण पृष्ठफळ कमी होतं, त्यातून सुटलेल्या ऊर्जेने नवा थेंब चक्क उडी मारून पृष्ठभागापासून दूर जातो. ना पंखा, ना उतार. एमआयटीत कॉपर ऑक्साइडच्या पृष्ठभागावर २०१३ मध्ये अशा उड्या मारणाऱ्या थेंबांमुळे उष्णतावहन साध्या झटकणाऱ्या लेपापेक्षाही सुमारे ३० टक्क्यांनी सुधारलं. मात्र वाफेचा मारा वाढला की या फटीही भरतात आणि उड्या थांबतात.

खरी अडचण: टिकणार किती दिवस?

पाणी झटकणारे लेप बनवणं गेल्या शतकापासून जमतंय. १९३० च्या दशकातच नळ्यांवर तेलकट आम्लं चोपडून थेंब पाडले गेले. तरीही जगभरातले बहुतेक कंडेन्सर आजही पाण्याच्या चादरीवरच चालतात. कारण वाफ रात्रंदिवस लेपावर आदळत राहते आणि लेप निघून जातो.

एमआयटीतल्या गटाने २०१५ मध्ये तांब्यावर ग्राफीनचा, म्हणजे कार्बनच्या अणूंचा जेमतेम एकपदरी थर चढवून पाहिला. तुलनेसाठी दुसऱ्या नळीवर फ्लोरिनयुक्त रसायनाचा रेणूभर जाडीचा लेप होता. शंभर अंशांच्या वाफेत हा दुसरा लेप बारा तासांच्या आत निकामी झाला. ग्राफीन दोन आठवड्यांनंतरही शाबूत होतं आणि उष्णतावहन साध्या तांब्याच्या चौपट मिळत होतं. अशा नळ्यांमुळे वीजकेंद्राची एकूण कार्यक्षमता दोन ते तीन टक्क्यांनी वाढू शकेल, असा त्या गटाचा अंदाज होता.

चौपटीचे दोन-तीन टक्केच का उरतात? नळीबाहेरची पाण्याची चादर हा उष्णतेच्या वाटेतला एकच अडथळा आहे. ती काढली तरी नळीची भिंत राहते, आतल्या बाजूला साचलेला गाळ आणि क्षार राहतात, आतल्या पाण्याचा वेग राहतो. मुंबई-पुणे रस्त्यावरचा एक टोलनाका हटवला म्हणून प्रवासाचा वेळ चौथ्या हिश्शावर येत नाही, तसंच. नॅनो लेपाच्या बातमीत 'अमुक पट' असा आकडा दिसला की तो फक्त त्या पृष्ठभागाचा आहे की अख्ख्या यंत्राचा, हे आधी बघावं. बहुतेक वेळा तो पृष्ठभागाचा असतो.

तरी दोन-तीन टक्के ही वीज क्षेत्रात मोठी गोष्ट आहे. तेवढ्याच कोळशात जास्त वीज मिळते, आणि प्रत्येक युनिटमागे बाहेर टाकायची उष्णता थोडी कमी होते. उष्णता कमी म्हणजे कूलिंग टॉवरमधून वाफ होऊन जाणारं पाणीही कमी. मराठवाड्याला याची किंमत ठाऊक आहे. २०१३ च्या दुष्काळात परळीचं औष्णिक वीजकेंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं, २०१५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. लेपामुळे कोरडं धरण भरत नाही. पण पाण्याच्या प्रत्येक थेंबामागे वीज थोडी जास्त मिळाली, तर अशा वर्षांत तेवढाही फरक कामाचा असतो.

आता टिकाऊपणाचा हिशोब करून पाहा. कंडेन्सरच्या नळ्यांनी तीस वर्षं काढावीत अशी अपेक्षा असते. दोन आठवडे म्हणजे त्याचा सुमारे ७८० वा हिस्सा. प्रयोगशाळेत दोन आठवडे टिकलेल्या लेपावर कोणतंही वीजकेंद्र हजारो नळ्या बदलायला काढणार नाही, आणि त्यात त्यांचं चूक आहे असंही म्हणता येत नाही.

घरातल्या एसीवरचं 'कोटिंग' हेच का?

एसीच्या जाहिरातीत 'ब्लू फिन', 'गोल्ड फिन' असे शब्द हमखास असतात. ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांवर चढवलेला तो रंगीत थर बहुधा मायक्रॉनच्या मापाचा असतो, म्हणजे नॅनोपेक्षा हजारपट मोठं माप. त्याचं मुख्य काम गंज रोखणं. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेत ते कामही महत्त्वाचं आहे. पण तेवढ्याने बाहेरचं युनिट जास्त 'थंड' होत नाही. तिथे गॅसचं द्रवात रूपांतर नळीच्या आत होतं आणि लेप बाहेर असतो.

घराच्या आतल्या युनिटमध्ये मात्र पाण्याचा संबंध येतो. हवेतली वाफ थंड पट्ट्यांवर पाणी होऊन जमते. वीजकेंद्राचा नियम लावला तर इथेही पाणी झटकणारा लेप हवा. कंपन्या करतात उलटं, त्या पाणी धरणारा लेप लावतात. दोन पट्ट्यांमधलं अंतर अगदी कमी असतं. तिथे थेंब फुगले तर ते दोन्ही पट्ट्यांना चिकटून पूल बांधतात आणि हवेची वाट बंद करतात. पाणी सपाट पसरून खाली निथळलं की हवा मोकळी वाहते. शिवाय एसीत उष्णतेची खरी कोंडी हवेच्या बाजूला असते, पाण्याच्या पातळ थराचा त्रास त्यापुढे फारसा नसतो.

म्हणून 'नॅनो कोटिंग'वाली वस्तू विकत घेताना हा लेप कोणत्या पाण्याशी किंवा हवेशी काय करणार आणि किती वर्षं, हे विचारावं. उत्तर नुसतंच 'नवं तंत्रज्ञान' असं आलं तर जास्तीचे पैसे खिशात ठेवायला हरकत नाही.

चिपची उष्णता आणि एक नवी अडचण

घरातली साधी इस्त्री ७५० ते १००० वॅटची असते आणि तिचा तळ तळहाताहून मोठा असतो. एआयसाठी वापरली जाणारी एनव्हिडियाची एच-१०० चिप जास्तीत जास्त ७०० वॅट घेते, आणि तिच्या सिलिकॉनच्या तुकड्याचं क्षेत्रफळ जेमतेम आठ चौरस सेंटीमीटर आहे. जवळपास एका इस्त्रीची उष्णता पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेत. अशा हजारो चिप एका इमारतीत असतात. ऐरोली, महापे या पट्ट्यात उभ्या राहिलेल्या डेटा सेंटरना त्यामुळे विजेइतकीच थंडाव्याची चिंता असते.

एक उपाय म्हणजे अख्खा सर्व्हर वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवायचा आणि तो द्रव चिपवरच उकळू द्यायचा. मात्र या कामासाठी वापरले जाणारे फ्लोरिनयुक्त द्रव पाण्यापेक्षा कितीतरी कमी उष्णतेवरच वाफेची गादी तयार करतात. म्हणून चिपच्या झाकणावर सच्छिद्र धातूचा लेप देऊन ती मर्यादा वर ढकलली जाते. दुसरा उपाय इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये मांडला. त्यांनी आधी वीजरोधक थर आणि त्यावर तांब्याचा थर थेट सर्किटच्या अंगाला चिकटेल असा चढवला. मधली पेस्ट आणि वरचा जाडजूड हीट सिंक दोन्ही गेले. त्यामुळे तेवढ्याच जागेत बसवता येणाऱ्या शक्तीत ७४० टक्क्यांपर्यंत वाढ दिसली. बरीचशी करामत जागा वाचल्याची आहे, तरी सर्व्हरच्या रॅकमध्ये जागा हाच तर महागडा माल असतो.

नवी अडचण रसायनाची आहे. पाणी झटकणाऱ्या लेपांमध्ये आणि सर्व्हर बुडवायच्या द्रवांमध्ये ज्या फ्लोरिनयुक्त संयुगांवर भिस्त आहे, त्यातली बरीच 'पीफास' या गटात मोडतात. ही संयुगं निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत, म्हणून त्यांना 'फॉरेव्हर केमिकल्स' म्हणतात. ३एम या बड्या उत्पादक कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं की २०२५ च्या अखेरीपर्यंत ती पीफासचं उत्पादन बंद करेल. वाफेत पटकन निघून जाणारा लेप जातो कुठे, हा प्रश्न कार्यक्षमतेच्या बातम्यांमध्ये क्वचितच विचारला जातो. तो पाण्यातच जातो.

मग सोन्याचा मुलामा?

फ्लोरिन नको आणि तरी वर्षानुवर्षं पाणी झटकेल, असं काय आहे? या प्रश्नावर सोनंही आजमावून झालंय. सोन्याच्या मुलाम्यावर वाफेचे सुरेख थेंब पडतात, असं कित्येक प्रयोगांत दिसलं. मात्र सोनं खरोखर पाणी झटकतं का, यावर बरीच वर्षं वाद चालला. निष्कर्ष असा निघाला की अगदी स्वच्छ सोनं पाणी धरतं. हवेतले तेलकट, कार्बनयुक्त रेणू त्यावर नकळत येऊन बसतात आणि पाणी झटकण्याचं काम तेच करतात.

२०१३ मध्ये एमआयटीतल्या कृपा वाराणसी यांच्या गटाने सिरियमसारख्या दुर्मीळ मृदा धातूंच्या ऑक्साइडचं नाव पुढे आणलं. ही सिरॅमिक्स मुळातच पाणी झटकतात, मोठं तापमान सोसतात आणि घासली तरी टिकतात, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्याच वर्षी एमआयटीतल्याच दुसऱ्या गटाने हे ऑक्साइड अगदी स्वच्छ करून तपासलं, तेव्हा त्यावर पाणी पसरलं. हवेत काही काळ ठेवल्यावर कार्बनयुक्त रेणू जमले आणि मगच थेंब गोळा व्हायला लागले. सोन्याचीच कथा पुन्हा. आणि वीजकेंद्राच्या कंडेन्सरमध्ये तर हवा आत साचू नये म्हणून ती चोवीस तास पंपाने उपसून बाहेर टाकली जाते.